जुन्या लॅबच्या पीसीवर ओपनजीएल ३.३ चालंना (जी४१ आणि आय३-२१००)

परभणी_लॅब
कॉलेजच्या लॅबमधी दोन प्रकारच्या मशीन आहेत. पहिल्या कोअर टू ड्युओच्या, जी४१ बोर्ड, लिनक्स मिंट. दुसऱ्या आय३-२१०० च्या, विंडोज १०. ग्राफिक्स कार्ड कशातच नाही. प्रोग्राम सी मधी, जीएलएफडब्ल्यू (विंडो उघडणारी लायब्ररी) आणि ग्लॅड (ओपनजीएलची फंक्शनं लोड करणारी) वापरून, ओपनजीएल म्हणजे ग्राफिक्स काढायच्या फंक्शनांच्या ३.३ कोअरचा (जुनी फंक्शनं वगळलेला प्रकार).

आय३ वर एरर ६५५४२ येते (ओपनजीएलच मिळत नाही). जी४१ वर ६५५४३ (मागितलेलं व्हर्जन मिळत नाही). जी४१ वर विंडो हिंटच्या ओळी (कोणतं व्हर्जन पाहिजे ते सांगणाऱ्या) काढल्या तर विंडो उघडते, पण 'जीएलएसएल ३.३० सपोर्टेड नाही, १.१० आणि १.२० आहे' असं (जीएलएसएल म्हणजे शेडरची भाषा, शेडर म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणारा छोटा प्रोग्राम) छापून प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्टनं बंद पडायलाय. ड्रायव्हर टाकून सुटंल का कोडच बदलावा लागंल?

शेडर_नांदेड
सर, दोन्ही मशीनचं दुखणं वेगळं आहे, एका औषधानं जाणार नाही.

जी४१ मधला जीएमए एक्स४५०० हा चिपच २.१ पर्यंतचा. कोणताही ड्रायव्हर टाका, ३.३ मिळणार नाही. हिंट काढल्या की २.१ चा कॉन्टेक्स्ट (प्रोग्रामला मिळालेलं ओपनजीएल) मिळतो, म्हणून शेडर नाकारला जातो. सेगमेंटेशन फॉल्ट ही त्यापुढची गोष्ट. कॉन्टेक्स्ट २.१ चा दिसला की ग्लॅड ३.० ची फंक्शनं लोडच करत नाही. जीएलजेनव्हर्टेक्सअ‍ॅरेज चा पॉइंटर नल (रिकामा) राहतो, अन् तुमचा कोड तोच कॉल करतो.

आय३-२१०० मधल्या एचडी २००० ला इंटेलचा विंडोज १० साठीचा अधिकृत ड्रायव्हर नाही. अपडेटमधून येतो तो जुनाच. तो नीट बसला तरी विंडोजवर ३.१ च मिळतं. तोच चिप लिनक्सवर मेसामुळं (लिनक्सचा मोफत ग्राफिक्स ड्रायव्हर) ३.३ देतो, पण कोअर प्रोफाइल मागितलं तरच. त्यामुळं तिथं हिंटच्या ओळी काढू नका: मेजर ३, मायनर ३, कोअर प्रोफाइल. आय३ वर मिंट टाका, कोड जसाच्या तसा चालंल.

जुनं_हार्डवेअर_लातूर
मिंट टाकल्यावर आधी टर्मिनलात 'जीएलएक्सइन्फो -बी' चालवा (मेसा-युटिल्स पॅकेजमधी आहे) आणि रेंडररची ओळ वाचा. तिथं 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर सगळं काम सीपीयू करायलाय. ओपनजीएलचा आकडा ४.५ दिसतो म्हणून खूश होऊ नका. उन्हाळ्यात धूळ बसलेल्या हीटसिंकवर सगळे कोअर १०० टक्क्यांवर गेले की मशीन तापून आणखीच रेंगाळते.

याचं नेहमीचं कारण म्हणजे इन्स्टॉल करताना कंपॅटिबिलिटी मोड निवडलेला असतो, आणि 'नोमोडसेट' हा खरा ग्राफिक्स ड्रायव्हर बंद ठेवणारा शब्द ग्रबच्या (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलीत तसाच राहतो. इटीसी/डिफॉल्ट/ग्रब मधून तो काढा, 'सुडो अपडेट-ग्रब' द्या, रीबूट करा.

मेसाचं व्हर्जन ओव्हरराइड ३.३ करायचा सल्लाही कुणीतरी देईल. त्यानं फक्त सांगितलेला आकडा बदलतो, चिपमधी नसलेली गोष्ट येत नाही.

परभणी_लॅब
आय३ चं कळलं, मिंट टाकतो. जी४१ च्या मशीन जास्त आहेत, त्यांचं काय करावं?

शेडर_नांदेड
त्यांच्यासाठी २.१ चा कोड लिहा. बफर, मॅट्रिक्स, शेडर सगळं त्यात आहे, मुलांचं शिकणं अडत नाही. वर 'व्हर्जन १२०'. व्हर्टेक्स शेडरमधी 'इन' चं 'अ‍ॅट्रिब्यूट', 'आउट' चं 'व्हेरिंग'. फ्रॅगमेंटमधी 'इन' चंही 'व्हेरिंग'. 'टेक्स्चर' च्या जागी 'टेक्स्चर२डी', अन् रंग जीएल_फ्रॅगकलर मधी. व्हर्टेक्स अ‍ॅरे ऑब्जेक्ट (वरच्या जीएलजेनव्हर्टेक्सअ‍ॅरेज नं बनतं ते) काढून टाका, अ‍ॅट्रिब्यूट पॉइंटर ड्रॉच्या आधी लावा.

खरी चूक होते ती 'लेआउट लोकेशन' (शेडरमधी पोझिशन, रंग यांचा नंबर ठरवणारे शब्द) काढताना. १२० मधी ते नसतं, मग ड्रायव्हर आपल्या मनानं नंबर देतो. पोझिशन १ वर अन् रंग ० वर गेला की कसलीही एरर न येता आकृती वेडीवाकडी दिसते नाहीतर गायब होते. जीएलबाइंडअ‍ॅट्रिबलोकेशन नं दोन्ही नंबर स्वतः ठरवा, पण लिंक करायच्या आधी. लिंक झाल्यावर दिलं तर पुन्हा लिंक करेपर्यंत लागू होत नाही.

जुनं_हार्डवेअर_लातूर
एखाद्या मशीनवर ३.३ लागणारच असंल तर जीटी ७१० घ्या. १९ वॉटचं कार्ड, जुन्या एसएमपीएसवर चालतं, ४.६ पर्यंत जातं. कॅबिनेट बारीक असंल तर लो-प्रोफाइल पट्टी सोबत मागून घ्या. व्हीजीएची वायर बोर्डातून काढून कार्डात लावा, आणि तरी स्क्रीन काळीच राहिली तर वायर परत बोर्डाला लावून बायोसमधी पहिला डिस्प्ले पीसीआय एक्सप्रेस करा.