क्वेबेक ५४,२८८ मतांनी राहिलं. 'हो' जिंकलं असतं तर?

पैलतीर
वेगळं व्हायचं का, या १९९५च्या सार्वमतात क्वेबेक हा फ्रेंचभाषक प्रांत थोडक्यात कॅनडात राहिला, हे सगळीकडे वाचायला मिळतं. निकाल उलटा लागला असता तर पुढे काय, हे मात्र नीट सापडत नाही. ५० टक्के अधिक एक मत पडलं की दुसऱ्या दिवशी नवा देश? दुसरं म्हणजे, देश १९६९पासून अधिकृतपणे (इंग्रजी-फ्रेंच) द्विभाषिक आहे, मग भाषेवरून फुटायची वेळ का यावी? आपल्याकडचं द्विभाषिक मुंबई राज्य चार वर्षांत मोडलं ते समजतं, कारण लोकांना आपापल्या भाषेचं राज्य हवं होतं. क्वेबेकला तर स्वतःचा प्रांत १८६७पासूनच आहे.

कलम_तेहतीस
दुसऱ्या दिवशी नवा देश झाला नसता. आधी मतपत्रिकेवरचा प्रश्नच बघा. मराठीत असा होईल: '१२ जून १९९५ रोजी झालेला करार आणि क्वेबेकच्या भवितव्याविषयीचं विधेयक यांच्या चौकटीत, कॅनडापुढे नव्या आर्थिक व राजकीय भागीदारीचा रीतसर प्रस्ताव मांडल्यानंतर क्वेबेक सार्वभौम व्हावं, हे तुम्हाला मान्य आहे का?' यात 'देश' हा शब्द कुठेही नाही. 'भागीदारी' आहे. प्रश्न मुद्दामच असा गुळगुळीत केलेला होता. १९८०चा प्रश्न तर याहून लांबलचक, इंग्रजी मजकूर शंभर शब्दांच्या वर. त्यात वाटाघाटींची परवानगी मागितली होती आणि शेवटी दुसऱ्या सार्वमताचं आश्वासन होतं. तेव्हा 'नाही'ला जवळपास ६० टक्के मतं पडली.

१९९५ला मतदान ९३.५ टक्के झालं. 'नाही' ५०.५८, 'हो' ४९.४२. बाद मतं ८६ हजारांच्या वर, म्हणजे विजयी फरकापेक्षा जास्त. शोमेदे या एका मतदारसंघात तर दर नऊ मतांमागे एकाहून अधिक बाद झालं, आणि तिथे 'नाही'वाल्यांचा भरणा होता. त्यावरून नंतर बरीच वर्षं वाद चालला.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर पुढच्या पाच वर्षांत ठरलं. ऑगस्ट १९९८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की एकतर्फी फुटण्याचा हक्क कॅनडाच्या घटनेतही नाही आणि आंतरराष्ट्रीय कायद्यातही नाही. पण स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमत मिळालं, तर उरलेल्या देशाला वाटाघाटीला बसावंच लागेल. त्यावर २००० साली केंद्राचा स्पष्टतेचा कायदा आला. प्रांतानं प्रश्न जाहीर केला की ३० दिवसांत केंद्रीय संसदेच्या कनिष्ठ सभागृहानं तो स्पष्ट आहे का ते ठरवायचं. नुसती वाटाघाटींची परवानगी मागणारा किंवा सोबत भागीदारीची शेपटी जोडलेला प्रश्न स्पष्ट धरायचा नाही. म्हणजे १९८० आणि १९९५, दोन्ही प्रश्न आज पहिल्याच पायरीवर अडकतील. मतदानानंतर बहुमताचा आकार आणि मतदानाचं प्रमाण बघायचं. मग मालमत्ता, कर्ज, सीमा, आदिवासींचे हक्क आणि अल्पसंख्याकांचं संरक्षण यांवर बोलणी, आणि सर्वांत शेवटी घटनादुरुस्ती.

किती टक्के म्हणजे स्पष्ट बहुमत, हे कायद्यात मुद्दाम लिहिलेलं नाही. क्वेबेकनं त्याच वर्षी स्वतःचा कायदा करून ५० टक्के अधिक एक मत पुरेसं ठरवलं. दोन्ही कायदे आजही उभे आहेत, त्यामुळे खरी वेळ आली की भांडण इथूनच सुरू होईल.

सीमांचा मुद्दा किरकोळ समजू नका. क्वेबेकचा उत्तरेकडचा प्रचंड मुलूख १८९८ आणि १९१२मध्ये केंद्रानं जोडून दिलेला आहे आणि जेम्स बेची मोठी जलविद्युत धरणं तिथेच आहेत. मुख्य मतदानाच्या सहा दिवस आधी तिथल्या क्री आदिवासींनी आपलं वेगळं सार्वमत घेतलं: ९६ टक्के कॅनडात राहण्याच्या बाजूनं. क्वेबेक फुटू शकतं तर क्वेबेकमधून आम्ही का नाही, या प्रश्नाला फुटीरांकडे धड उत्तर नव्हतं.

ओटावा_डायरी
देश द्विभाषिक म्हणजे माणसं द्विभाषिक, ही गल्लत नेहमी होते. १९६९चा कायदा केंद्र सरकारला बांधतो, प्रांतांना नाही. दहा प्रांतांपैकी अधिकृत द्विभाषिक एकच, न्यू ब्रन्सविक. २०२१च्या जनगणनेत इंग्रजी-फ्रेंच दोन्ही बोलू शकणारे देशभरात १८ टक्के. क्वेबेकमध्ये ४६, बाहेर साडेनऊ. दुसऱ्याची भाषा शिकायचं ओझं कोणावर पडलं, ते या दोन आकड्यांवरून कळतं.

आणि 'कॅनडा' म्हणून सामाईक काय आहे? झेंडा १९६५चा. राष्ट्रगीत अधिकृत झालं १९८०मध्ये. ते मुळात १८८० साली क्वेबेकमध्येच फ्रेंचमधून लिहिलं गेलं आणि इंग्रजी शब्द त्याचा अनुवादही नाहीत. एकाच चालीवर दोन वेगळी गाणी. क्वेबेकची विधानसभा १९६८पासून स्वतःला 'राष्ट्रीय सभा' म्हणवते, प्रांताचा 'राष्ट्रीय सण' २४ जूनला. १ जुलैला राजधानी ओटावात कॅनडा दिनाची आतषबाजी, तर माँट्रियलमध्ये घरं बदलण्याचा दिवस. तिथले बहुतेक भाडेकरार ३० जूनला संपतात, त्यामुळे रस्तोरस्ती सामानाचे ट्रक आणि फुटपाथवर टाकून दिलेले सोफे.

पण १९९५चं खरं कारण भाषेपेक्षा घटनेत आहे. १९८२ची घटना क्वेबेकच्या सहीशिवाय लागू झाली. ते दुखणं भरून काढायला १९८७चा मीच लेक करार झाला, त्याला तीन वर्षांत दहाही प्रांतांची मंजुरी हवी होती. मॅनिटोबा आणि न्यूफाउंडलंडवर घोडं अडलं आणि जून १९९०मध्ये मुदत संपली. याच वादात, मुदत संपण्याआधीच, लुसियँ बुशार केंद्रीय मंत्रिपद सोडून बाहेर पडले, ब्लॉक केबेक्वा उभा राहिला, आणि १९९३मध्ये ५४ जागा घेऊन तोच ओटावात अधिकृत विरोधी पक्ष झाला! देश मोडायचा जाहीरनामा घेऊन विरोधी बाकावर बसलेला पक्ष. दोनच वर्षांत सार्वमत.

पैलतीर
हे पटलं. पण क्वेबेकचा १९७७चा फ्रेंचसक्तीचा भाषा कायदा, तो १०१ क्रमांकाचा, फुटीरांच्याच सरकारनं केला ना? मग त्यानं फुटीरता वाढायला हवी होती.

रोजनिशी_माँट्रियल
माझ्या मते झालं उलटं. फ्रेंच बुडेल या भीतीवर चळवळ चालली होती; कायद्यानं ती भीतीच कमी केली. आधी बाहेरून आलेली कुटुंबं मुलांना सर्रास इंग्रजी शाळेत घालत. कायद्यानंतर त्यांची मुलं फ्रेंच शाळेत जाऊ लागली. किंमत मोजावी लागलीच: बरेच इंग्रजीभाषक आणि काही मुख्य कार्यालयं टोरांटोला गेली.

भारतातून तिथे जाणाऱ्यांचा इथेच घोटाळा होतो. कायम वास्तव्य मिळालं की मुलं फ्रेंच शाळेत. तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर असाल तर मुलांना इंग्रजी शाळेची सूट मिळू शकते, पण २०२२च्या ९६ क्रमांकाच्या कायद्यापासून ती तीनच वर्षांची आहे आणि वाढवून मिळत नाही. चौथ्या वर्षी मुलगा एकदम फ्रेंच वर्गात. त्यापेक्षा लहान वयात सुरुवातीलाच फ्रेंचमध्ये घातलेलं बरं.

दुकानांच्या पाट्यांचं म्हणाल तर १९७७मध्ये फक्त फ्रेंच. १९८८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. सरकारनं घटनेतलं ३३वं कलम (काही मूलभूत हक्कांना बगल देऊन कायदा टिकवू देणारं) वापरून बंदी पाच वर्षं टिकवली (वरच्या सदस्यांचं नाव त्यावरूनच दिसतंय). १९९३पासून इतर भाषा चालतात, फ्रेंच ठळकपणे वरचढ हवी. महाराष्ट्रात २०२२च्या दुरुस्तीनुसार मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत, म्हणजे बरोबरीची चालतात. तिथे बरोबरी पुरत नाही.

गव्हाचं_रान
फुटीरता म्हणजे फक्त क्वेबेक, असं धरू नका. अल्बर्टात भाषेचा प्रश्नच नाही, तिथे तेल आहे. १९८०च्या केंद्रीय ऊर्जा धोरणानं तेलाचे भाव बांधले, तो राग अजून जिवंत आहे. 'आमचे पैसे क्वेबेकला जातात' ही तक्रार मात्र अर्धवट आहे. समानीकरणाचा निधी (कमी उत्पन्नाच्या प्रांतांना मिळणारी मदत) केंद्र आपल्या करांतून देतं, अल्बर्टा सरकार कुणाला चेक फाडत नाही. अल्बर्टातले पगार जास्त म्हणून तिथून कर जास्त जमा होतो, इतकंच. क्वेबेकची एकूण रक्कम सर्वांत मोठी, पण माणशी हिशोब केला तर पूर्वेकडचे छोटे प्रांत पुढे.

कलम_तेहतीस
नाव तिथूनच घेतलंय, ओळखलंत! पाट्यांवरून आठवलं: क्वेबेकमध्ये चौकातल्या लाल अष्टकोनी पाटीवर 'आरे' (फ्रेंचमध्ये 'थांबा') लिहिलेलं असतं. खुद्द फ्रान्समध्ये त्याच पाटीवर 'स्टॉप' असतं.