शिवणकामामुळे फरा आणि खांदे आखडतात. स्वतःचे स्वतः काय करता येईल?

प्रश्न (शहापूर, बेळगाव)

नमस्कार. मी गेली एकोणीस वर्षे घरीच ब्लाऊज शिवते आणि साड्यांना फॉल-पिको करते. गणपतीपासून दिवाळीपर्यंत रोज नऊ-दहा तास मशीनवर बसावे लागते. दुपार कलली की उजवा फरा आणि मणका यांच्या मधे सुपारीएवढी कडक गाठ हाताला लागते आणि तिथून कळ मानेपर्यंत चढते. रात्री मुलगी तेल लावून चोळून देते, तेवढ्यापुरते बरे वाटते. पण दुसऱ्या दिवशी तीन वाजले की दुखणे पुन्हा हजर. हाताला मुंग्या येत नाहीत, कात्रीची पकडही सैल झालेली नाही. मुलीचे बारावीचे वर्ष आहे, तिला रोज किती अडकवायचे? एकटीने करता येईल असे मालिश आणि व्यायाम कोणी नीट समजावून सांगेल का?

उत्तर १ (फिजिओथेरपिस्ट, टिळकवाडी)

ताई, मुंग्या आणि पकड यांचा उल्लेख तुम्ही आपणहून केलात, हे फार बरे झाले, कारण पुढचे सारे सांगणे त्यावरच अवलंबून आहे. माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते; ते सुईकडे झुकवून तासन्‌तास बसले की कवटीच्या तळापासून खांद्यापर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस स्नायू आणि फऱ्याला मणक्याकडे ओढणारे स्नायू सतत ताणलेले राहतात. गाठ लागते ती बहुधा तिथेच.

मालिशसाठी टेनिसचा चेंडू पायमोज्यात घाला, मोज्याचे टोक खांद्यावरून पुढे धरा आणि चेंडू पाठ व भिंत यांच्या मधे येईल असे टेकून उभ्या राहा. चेंडू मणक्याच्या हाडावर नको, त्याच्या बाजूच्या मांसल भागावर हवा. गुडघे थोडे वाकवत-सरळ करत दुखरी जागा शोधा आणि तिथे अर्धा ते एक मिनिट स्थिर दाब देऊन सावकाश श्वास सोडा. दाब इतकाच ठेवा की दुखले तरी श्वास रोखावासा वाटू नये. खांद्याच्या वरच्या भागासाठी डाव्या हाताने उजव्या खांद्याचे मांस कणकेसारखे चिमटीत धरा आणि मान हळूहळू डावीकडे वळवा. गळ्याच्या पुढच्या व बाजूच्या भागावर मात्र कधीही दाब देऊ नका, तिथे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आहेत.

पण खरे सांगायचे तर चोळण्याने मिळणारा आराम काही तासांचाच असतो. स्नायूला बळ येईल तेव्हाच तो दिवसभराचा भार पेलेल. डेन्मार्कमध्ये याच दुखण्याने त्रासलेल्या नोकरदार स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून तीनदा, दर वेळी २० मिनिटे, असे १० आठवडे डंबेल्सनी खांद्याचे व्यायाम केलेल्या गटाचे दुखणे लक्षणीय कमी झाले. तुमच्याकडे डंबेल्स नसतील तर रुंद रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवा, कोपरे अंगालगत ठेवून तो मागे ओढा आणि दोन्ही फरे एकमेकांजवळ आणा. असे १० ते १२ वेळा, दोन फेऱ्या, दिवसाआड. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून छाती पुढे नेण्याचा ताण २० ते ३० सेकंद, तीन वेळा, हा मात्र रोज करावा.

हातात मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, ताप आला किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर चेंडू बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

उत्तर २ (खानापूर)

मी तरुणपणी तालमीत जात असे, म्हणून असेच दुखणे सुरू झाल्यावर उत्साहाने दंड मारायला लागलो आणि आठ दिवसांत मान धरली. दंडाने छाती आणि खांद्याचा पुढचा भाग बळकट होतो. वाकून बसणाऱ्याला कमतरता असते ती मागच्या ओढीची, हे मला उशिरा कळले. आडाचे पाणी शेंदणाऱ्या आमच्या आईचा फरा कधी दुखला नाही (हा काही पुरावा नव्हे, पण वरचा पट्ट्याचा व्यायाम वाचून तिचीच आठवण झाली).

उत्तर ३ (निपाणी)

आमच्या मातोश्रींनी तीस वर्षे विड्या वळल्या. सूप मांडीवर घेऊन बसले की मान आपोआप खाली जाते. शेवटी मांडीवर जाड उशी घेऊन तिच्यावर सूप ठेवायला लागल्यापासून त्यांचा त्रास निम्म्यावर आला. ताई, तुमच्या मशीनची आणि खुर्चीची उंची एकदा पाहा. आणखी एक सांगतो: शेजारच्या काकांनी डाव्या खांद्यातली कळ उसण समजून दोन दिवस शेकली, आणि ते निघाले हृदयाचे दुखणे. दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल तर मालिश करत बसू नये.

प्रश्नकर्तीकडून, तीन आठवड्यांनी

सर्वांचे आभार. प्रथम मुलाचा क्रिकेटचा लेदरचा चेंडू वापरला, तो फारच टोचला. मग गल्लीतल्या पोरांकडून टेनिसचा मागून आणला. खुर्चीवर जेवणाचा पाट ठेवून वर चादरीची घडी घातली, तेव्हा कोपर टेबलाच्या पातळीला आले. इतकी वर्षे मी खांदे उचलूनच कापड सरकवत होते, हे तेव्हा लक्षात आले. दर अर्ध्या तासाने बॉबिन भरायच्या निमित्ताने उठते. गाठ अजून आहे, पण दुखणे तीनऐवजी साडेपाचला येते. पट्टा आता सोपा वाटू लागला आहे, पुढे काय करावे?

उत्तर १ कडून

पट्टा दुहेरी करा आणि पुन्हा १० पासून सुरुवात करा. पाट काढू नका.