न्यूरोइम्युनॉलॉजीत पीएचडी संपत आली. पोस्टडॉक की पुण्यातली नोकरी?

नमस्कार मंडळी,

न्यूरोइम्युनॉलॉजी म्हणजे मेंदू आणि रोगप्रतिकारशक्ती यांच्या नात्याचं शास्त्र, आणि पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं ठरावीक काळाचं संशोधनाचं काम. सिनॉप्सिस (थीसिसचा सारांश) गेल्या महिन्यात झाला, थीसिस दिवाळीपर्यंत जाईल. वय 31. एसआरएफ म्हणजे पीएचडीच्या शिष्यवृत्तीचे महिन्याचे 42,000 रुपये पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मार्चमध्ये थांबले, सध्या साठवलेल्यावर चाललंय.

विषय चांदीपुरा विषाणूचा. चांदीपुरा हे आमच्याच नागपूर जिल्ह्यातलं गाव. 1965 साली तिथल्या तापाच्या रुग्णांत हा विषाणू पहिल्यांदा सापडला आणि गावाला हे नाव कायमचं भोवलं. 2024 च्या पावसाळ्यात गुजरातेत लहान मुलं दगावली, तो हाच. ताप येतो, झटके येतात आणि कधीकधी दोन दिवसांत सगळं संपतं. यात विषाणू किती मारतो आणि मेंदूचा स्वतःचा दाह किती, एवढंच मी पाच वर्षं बघतेय. मायक्रोग्लिया या मेंदूच्या राखणदार पेशी, पण पिसाळल्या की शेजारच्या चेतापेशींचाही बळी घेतात.

रोजचं काम मात्र स्वयंपाकघरातल्यासारखं. उंदराचा मेंदू बारीक करायचा, गाळायचा, परकॉल नावाच्या द्रवाच्या कमी-जास्त घनतेच्या थरांवर सोडून यंत्रात वेगाने फिरवायचा. वर मायलिन (चेतातंतूंवरचं चरबीचं वेष्टन) सायीसारखं तरंगतं, ती साय पिपेटने हळूच काढायची. खाली दोन थरांच्या सांध्यावर धुरकट कडं दिसतं, त्यात माझ्या पेशी. हात जरा हलला की सकाळपासूनची मेहनत पाण्यात. मला हे काम मनापासून आवडतं, म्हणून तर पेच आहे.

एमएस्सीला असताना 2015 चा शोध वाचला होता. व्हर्जिनियात जोनाथन किपनिस यांच्या गटाने आणि त्याच वर्षी हेलसिंकीतल्या गटाने मेंदूच्या आवरणात लसिकावाहिन्या (रोगप्रतिकारक पेशी आणि द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या) दाखवल्या. आमच्या पुस्तकात मात्र ‘मेंदूत लसिकावाहिन्या नसतात’ हेच वाक्य होतं आणि परीक्षेत त्यालाच गुण मिळत होते. तिथून या विषयाने धरलं ते सोडलं नाही.

आता हातात दोन गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत पोस्टडॉकसाठी तोंडी होकार, विषय मेंदूच्या आवरणातल्या रोगप्रतिकारक पेशी. आणि पुण्यातल्या एका औषध कंपनीत फ्लो सायटोमेट्रीचं (लेझरने पेशी मोजण्या-ओळखण्याचं) काम. पगार चांगला, शनिवार-रविवार सुट्टी, पण मेंदूशी संबंध शून्य. बाबा म्हणतात, ‘अजून किती शिकशील?’ पस्तिशीपर्यंत ‘शिकतेय’ हेच उत्तर द्यायचं का, हे मलाही कळत नाही.

खरी भीती परत येण्याची आहे. इथे इम्युनॉलॉजीवाले म्हणतात, तुम्ही न्यूरोवाल्या. न्यूरोवाले विचारतात, इलेक्ट्रोफिजिओलॉजी (चेतापेशींचे विद्युत संकेत मोजणं) येते का? (नाही येत.) म्हणजे धड इकडची नाही, धड तिकडची नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात अनिर्बान बसू यांच्या गटाने जपानी मेंदूज्वरात मायक्रोग्लियावर भरपूर काम केलंय, बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनोरोग संस्थेत न्यूरोव्हायरॉलॉजीचा (मेंदूच्या विषाणूंचा) विभागच आहे. पण अशा जागा बोटावर मोजण्याइतक्या.

रामलिंगस्वामी किंवा इंडिया अलायन्स, म्हणजे भारतात संशोधनासाठी मिळणारी फेलोशिप घेऊन परतलेलं कोणी इथे आहे का? फेलोशिप संपल्यावर संस्थेने कायम केलं की पुन्हा अर्जच करत बसलात? आणि कंपनीत दोन-तीन वर्षं काढून पुन्हा संशोधनात आलेलं कोणी आहे का? की ते दार एकदा बंद झालं की झालंच?

‘मनाचं ऐक’ असं कृपया लिहू नका, मन रोज वेगळं बोलतंय.

भर: खाली दोघांनी विचारलं म्हणून. पगार एनआयएच या अमेरिकी सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या प्रमाणात देणार म्हणतात, 2024 मध्ये नव्या पोस्टडॉकसाठी तो वर्षाला 61,008 डॉलर होता. व्हिसा जे-1 (संशोधक-विद्यार्थी देवाणघेवाणीचा). ‘नंतर दोन वर्षं मायदेशी राहा’ या अटीच्या कौशल्य-यादीतून डिसेंबर 2024 मध्ये भारताचं नाव निघालं. सरकारी पैशावर जाणाऱ्यांना ती अजून लागू शकते, त्यामुळे माझा पगार कुठल्या निधीतून निघणार हे विचारलंय. 2025 मध्ये तिकडे अनुदानं रद्द झाल्याचं वाचून जास्त धाकधूक आहे. ‘तुमच्या ग्रांटची किती वर्षं उरलीत?’ हे गाइड होणाऱ्या बाईंना सरळ विचारलं तर उद्धटपणा वाटेल का? गुरुवारी व्हिडिओ कॉल आहे.