कावेल गेलं, निदान त्याचं नाव तरी पाटीवर राहू द्या

ओटी-पडवी
मरीन लाइन्सहून काळबादेवीकडे जाताना प्रिन्सेस स्ट्रीट लागतो. त्याच्या आजूबाजूला आज कापडाची गोदामं, औषधांची दुकानं आणि चार-पाच मजली जुन्या इमारती आहेत. तिथे कावेल नावाचं गाव होतं. खरोखरचं गाव, मुंबई शहर होण्याआधीपासूनचं. वस्ती मुख्यत्वे ख्रिस्ती झालेल्या इथल्याच मूळ रहिवाशांची, म्हणजे पुढे १८८७ मध्ये ज्यांनी स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवून घेतलं त्या समाजाची. बोली मराठीच.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. दोन वर्षांत सरकारने कायदा करून शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा केला. दाट वस्तीत हवा खेळत नाही म्हणून रोग बळावतो, असं तेव्हाचं मत होतं. म्हणून बॅक बेवरचा समुद्रवारा आत यावा यासाठी पश्चिम-पूर्व असे रुंद रस्ते वस्ती फोडून काढले. वर सँडहर्स्ट रोड, खाली प्रिन्सेस स्ट्रीट. हा खालचा रस्ता कावेलच्या अंगावरून गेला. १९०५ मध्ये वेल्सचे राजपुत्र आणि त्यांची पत्नी मुंबईत आले होते, तिच्या नावाने तो ओळखला जाऊ लागला.

गावाच्या गल्ल्या रस्त्याखाली गेल्या. उरलेल्यांपैकी मुख्य गल्लीला कावेल स्ट्रीट म्हणत. पुढे तिलाही डॉ. व्हिएगस यांचं नाव दिलं गेलं. प्लेगच्या नावाखाली गाव कापलं आणि प्लेग ओळखणाऱ्याच्या नावाखाली गावाचं नाव गेलं. डॉक्टरांबद्दल मला आदरच आहे. पण गल्लीच्या दोन्ही टोकांना पाटीवर 'जुने नाव : कावेल स्ट्रीट' एवढी ओळ असावी, असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

सोनापूर
माहिती चांगली दिलीत, पण सूर पटला नाही. ज्या माणसाचं नाव तिथे आहे त्याने काय केलं ते एका वाक्यात उरकलंत. व्हिएगस गोव्याचे, हडफडे गावचे. मांडवीत गरिबांत प्रॅक्टिस करायचे. 'हा गाठीचा प्लेग आहे' असं सांगणं तेव्हा सोपं नव्हतं. मुंबई व्यापाराचं बंदर, प्लेग जाहीर झाला की जहाजं थांबणार. तरी त्यांनी सांगितलं आणि पुढे लस टोचायला वस्तीत फिरले. १९०६ मध्ये ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे, किती लोक थांबून नाव वाचतात?

आणि त्या गल्ल्यांचं आपण फार गोड चित्र रंगवतो. ऊन न पोचणाऱ्या खोल्या, पाठीला पाठ लावलेली घरं, मधून वाहणारी गटारं. तेव्हाच्या मुंबईच्या दाट भागात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. गल्ली गेली हे मला वाईट वाटत नाही. ट्रस्टनेच दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. माझे आजोबा तिथे राहायला गेले म्हणून आमच्या घरात पुढची पिढी धडधाकट वाढली.

ओटी-पडवी
सोनापूर, ट्रस्टच्या वसाहतींपैकी हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी चांगल्याच झाल्या. पण तिथे राहायला कोण गेलं? मध्यमवर्ग. ज्यांची घरं पाडली त्यातल्या गरिबांना तिथलं भाडं परवडणारं नव्हतं. ते शेजारच्याच गल्लीत, आधीच भरलेल्या खोल्यांत शिरले. ट्रस्टने पाडलं पटापट आणि बांधलं सावकाश, ही तक्रार त्या काळातही होत होती. प्रिन्सेस स्ट्रीटला लागून निघालेले भूखंड भाडेपट्ट्याने गेले, तिथे नव्या इमारती आणि दुकानं आली. वारा आला, पण ज्यांच्यासाठी आणला ते तिथे नव्हते.

डॉक्टरांचं नाव काढा असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

मुगभाटकर
माझा मुद्दा वेगळा आहे. नावं पाटीने टिकत नाहीत, जिभेवर टिकतात. धोबीतलाव घ्या. तलाव बुजून किती काळ लोटला, तरी टॅक्सीवाल्याला 'धोबीतलाव' म्हटलं की पुरतं. सी. पी. टँक, गवालिया टँक, बाबुला टँक, खारा टँक, सगळीकडे पाणी गेलं आणि नाव राहिलं. उलटं बघा, प्रिन्सेस स्ट्रीटचं अधिकृत नाव शामलदास गांधी मार्ग. जुनागढच्या आरझी हुकूमतीचे, म्हणजे हंगामी सरकारचे, हे पुढारी, मोठा माणूस. पण नव्वद टक्के लोक अजून प्रिन्सेस स्ट्रीटच म्हणतात.

कावेल लोकांच्या तोंडून गेलं कारण त्याची गरज संपली. तिथे भेटायचं तर लोक चर्चजवळ म्हणतात किंवा दुकानाचं नाव सांगतात. मेलेलं नाव लोखंडी पाटीवर चढवून जिवंत होत नाही.

पाखाडी
मुगभाटकर, मेलेलं कोणासाठी? आमच्या घरात ते रोज घेतलं जातं. आजीचं माहेर कावेलचं. तिथल्या आरोग्यमातेच्या देवळाला आम्ही आजही 'कावेलचं देऊळ' म्हणतो. लग्नपत्रिकेवर, मयताच्या निरोपात, नात्यागोत्याच्या बोलण्यात 'ती कावेलची', 'तो माहीमचा', 'त्या मरोळच्या' असंच येतं. तुमच्या टॅक्सीवाल्याला ठाऊक नसेल, म्हणून नाव मेलं असं कसं?

आम्हाला लोक विचारतात, तुम्ही गोव्याचे का? मी म्हणते, नाही हो, इथल्याच. मग विचारतात, इथल्या म्हणजे कुठल्या? तेव्हा दाखवायला जागेचं नाव लागतं. लुगडं नेसणाऱ्या, मराठीत ओव्या म्हणणाऱ्या, लग्नात उंबराचं पाणी काढायचा विधी करणाऱ्या बायका या शहराच्या ऐन मध्यात राहत होत्या, हे आज कुठे लिहिलंय? गिरगावातली खोताची वाडी लोक फोटो काढायला बघतात, तिथलीही कितीतरी घरं गेली. कावेलचं तर फोटो काढण्याएवढंही शिल्लक नाही.

प्लेगच्या काळात गावागावांत क्रूस उभारले गेले. वांद्र्याच्या पाखाड्यांतून, म्हणजे जुन्या वस्त्यांतून, चालताना अजून दिसतात, त्यांवर तेव्हाची सालं कोरलेली आहेत. आमची माणसं त्या रोगात होती, त्यांनीही सोसलं. सोनापूर यांनी गल्लीतली गटारं सांगितली, ती खरी असतील. पण गटार बांधायची जबाबदारी कोणाची होती? ती न बांधणाऱ्यांनीच पुढे गल्ली अस्वच्छ ठरवून पाडली.

वाशी_बंदर
नाव परत आणायचंच असेल तर ते कोणाचं हेही ठरवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्या एडवर्ड्‌सने लिहून ठेवलंय की कावेल म्हणजे कोलवार, कोळ्यांची वस्ती. जवळच कोलभाट लेन आहे, तिथेही तेच 'कोल'. दुसरे म्हणतात पोर्तुगीज 'कापेला'वरून, म्हणजे प्रार्थनामंदिरावरून. पाटी लागली की एका समाजाचं नाव पुढे येणार आणि कोळी पुन्हा मागे. मुंबईत आमच्याबाबतीत हे कायम झालेलं आहे, म्हणून बोलतोय.

पाखाडी
वाशी_बंदर, पोर्तुगिजांनी ज्यांना बाप्तिस्मा दिला ते कोण होते? त्यात कोळी होते, भंडारी होते, कुणबी होते. कावेलचे ख्रिस्ती आणि कावेलचे कोळी ही दोन वेगळी माणसं नाहीत. कोलवार लिहा पाटीवर, मला चालेल. तुमचे आणि माझे पूर्वज एकाच होडीत बसलेले असतील.

वाशी_बंदर
हे मान्य. मग तसं लिहायला हवं, नुसतं 'जुने नाव' नाही.

गुमास्ता
मी त्या भागात दुकान चालवतो. दोन पिढ्या झाल्या. भावनेचं सगळं ठीक, पण पत्त्यात बदल म्हणजे काय ते आम्हाला विचारा. दुकानाचा परवाना, जीएसटी, बँक, वीजबिल, सगळीकडे अर्ज. वर, पाटीवर दोन नावं दिसली की कुरिअरचा पोऱ्या गोंधळणार. आमच्या इमारतीचा जिना टेकू लावून उभा आहे. पावसाळ्यात रात्री आवाज झाला तरी वरचे भाडेकरू खाली येऊन उभे राहतात. आधी माणसं वाचवा, नावांचं मग बघू.

ओटी-पडवी
गुमास्ता, पत्ता बदलायचा नाहीच. अधिकृत नाव तेच, खाली माहितीची एक ओळ.

जिन्याबद्दल जे लिहिलंत त्याला माझ्याकडे उत्तर नाही, तो प्रश्न मोठाच आहे. पण त्याच इमारतींमुळे मी हा धागा आत्ता काढला. आता पुनर्विकास एकेका इमारतीचा न होता समूहाचा होतो. भेंडी बाजारात १६.५ एकरांवरच्या सुमारे २५० इमारती एकत्र घेऊन उंच मनोरे उभे राहत आहेत. लोकांना सुरक्षित घर मिळतंय, मिळायलाच हवं. पण भूखंड जोडले की मधली गल्ली नकाशातूनच जाते. काळबादेवी, गिरगावात मेट्रोच्या स्थानकांसाठी इमारती गेल्या, तेव्हा आपण पुनर्वसनाचं बोललो, वाड्यांच्या नावांचं कोणी बोललं नाही. ट्रस्टच्या वेळी निदान रस्ता तरी झाला. आता गल्लीच्या जागी पार्किंगचा मजला येईल.

मुगभाटकर
पाखाडीताईंचं वाचून विचार केला. नाव जिभेवर टिकतं हे माझं म्हणणं कायम आहे, पण जीभ कोणाची हे मी मोजलं नव्हतं. तरीही विचारतो, ज्या घरात ते रोज घेतलं जातं त्यांना पाटीची गरज नाही आणि ज्यांना माहीत नाही ते पाटी वाचत नाहीत. त्यापेक्षा तिथल्या शाळांत मुलांना गल्ली फिरवून दाखवा, म्हाताऱ्यांकडून ऐकून लिहून ठेवा. महापालिकेचा पैसा त्यात गेला तर मी आनंदाने सही करीन.

सोनापूर
दुहेरी पाटीला माझा विरोध नाही. डॉक्टरांचं नाव वर आणि मोठ्या अक्षरात राहिलं पाहिजे, आणि १८९६ हे साल त्यावर हवं. नाव का दिलं ते वाचणाऱ्याला कळू दे.

ओटी-पडवी
महापालिकेच्या सी विभागाच्या कार्यालयात अर्ज द्यायचा ठरवलाय. मसुदा असा : 'डॉ. व्हिएगस मार्ग. यांनी १८९६ मध्ये मुंबईत प्लेग ओळखला. जुने नाव कावेल स्ट्रीट, कोळी व ईस्ट इंडियन वस्तीचे कावेल गाव येथे होते.' सूचना द्या. मुगभाटकर, म्हाताऱ्यांकडून लिहून घेण्याच्या कामात तुम्ही असाल तर मीही येतो.

पाखाडी
मसुद्यात 'होते' नको. देऊळ आहे, त्याच्या आसपास थोडी घरं आहेत, रविवारी आम्ही तिथे येतो. 'आहे' लिहा.

सोनापूर
'आहे' लिहिलं तर अर्ज परत येईल. महसुली नोंदीत त्या नावाचं गाव नाही.

पाखाडी
मग अर्ज परत येऊ दे. पुन्हा देऊ.