मध्ये ओळ घातली की पुढची शिल्लक चुकते (बचत गटाची शीट)

गटाची_सचिव
नमस्कार. आमच्या महिला बचत गटाचा हिशेब मी गूगल शीटमध्ये ठेवते. रकाने असे: ए तारीख, बी नाव, सी जमा, डी खर्च, ई शिल्लक. दुसऱ्या ओळीत आरंभीची शिल्लक जमा धरली आहे. पुढे ई३ मध्ये =ई२+सी३-डी३ आणि तेच सूत्र खाली ओढलंय.

एरवी बरोबर चालतं, पण राहिलेली नोंद मध्ये घातली की घोळ होतो. चौदाव्या ओळीत शिल्लक १८,४५० होती. तिच्याखाली नवी ओळ घालून बचतीचे २०० जमा लिहिले, वरचं सूत्र कॉपी केलं, १८,६५० आले. त्याच्या खालच्या ओळीतही २०० जमा आहेत, तरी तिथे पुन्हा १८,६५०च! शेवटी शीटची शिल्लक पेटीतल्या रोकडीपेक्षा २०० नी कमी. बैठकीत सगळ्याजणी पेटी मोजून शीटशी ताळा घेतात, त्यामुळे हे सुटायलाच हवं.

कीर्दखतावणी
ताई, सोळाव्या ओळीतल्या शिल्लकेवर क्लिक करून सूत्र वाचा. तिथे =ई१४+सी१६-डी१६ दिसेल. ही ओळ आधी पंधरावी होती आणि चौदावीला धरून होती. तुम्ही मध्ये ओळ घातलीत तरी तिने चौदावीचा हात सोडलेला नाही, म्हणून नवे २०० वगळले गेले. अशा शीटमधली ओळ काढून टाकलीत तर तिच्याखालच्या सगळ्या शिलकांत एरर येईल.

ई२ मध्ये हे लिहा आणि शेवटपर्यंत ओढा:
=सम(सी$१:सी२)-सम(डी$१:डी२)
सम म्हणजे बेरीज. फंक्शनचं नाव, रकान्यांची अक्षरं आणि ओळींचे आकडे अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे. डॉलरच्या खुणेमुळे सुरुवात पहिल्या ओळीशी बांधलेली राहते आणि शेवट ओळीगणिक खाली सरकतो. पहिल्या ओळीत मथळा आहे, तो अक्षरांचा असल्यामुळे सम त्याला मोजत नाही. मुद्दाम मथळ्यापासून सुरू करा, म्हणजे अगदी वर ओळ घातली तरी ती बेरजेत येते. नव्या ओळीत फक्त वरचं सूत्र उतरवायचं.

आता सूत्रापलीकडचं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. मी पतसंस्थेत रोखपाल होतो. रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, मागच्या तारखेला ओळ घुसवत नाहीत. मागे एक नोंद घातली की त्यानंतरची प्रत्येक शिल्लक बदलते. बैठकीत मोजून सह्या केलेलीसुद्धा. मग त्या सह्या कोणत्या आकड्यावर होत्या? पैसे आज आले असतील तर आजच्याच तारखेला लिहा, तपशिलात ‘जूनची राहिलेली बचत’ म्हणा. हे २०० नक्की कधी आले होते?

गटाची_सचिव
काका, पैसे त्याच दिवशी पेटीत पडले होते, पावतीही फाडली होती. फक्त शीटमध्ये नोंद राहिली. त्या महिन्याच्या सह्या अजून व्हायच्या आहेत. सूत्र बदललं, आता पंधराव्या ओळीत १८,६५० आणि सोळाव्या ओळीत १८,८५०. पेटीशी जुळलं!

कीर्दखतावणी
मग मध्ये घातलीत ते योग्यच. सह्या झाल्या की तेवढ्या ओळी ‘प्रोटेक्ट’ करून टाका, म्हणजे नंतर कुणाकडून बदलल्या जाणार नाहीत.

शीटवाला_नाशिक
काकांचं सूत्र पक्कं आहे, पण एक धोका आहे. रकमेच्या घरात कुणी २००/- असं लिहिलं तर शीट त्याला मजकूर समजते. तुमच्या जुन्या सूत्रात लगेच एरर आली असती. सम मात्र ती रक्कम मुकाट्याने सोडून देतो आणि शिल्लक खरी वाटत राहते. बाजूच्या घरात =काउंट(सी२:सी५००) आणि =काउंटए(सी२:सी५००) लिहून ठेवा. पहिला फक्त आकडे मोजतो, दुसरा भरलेली सगळी घरं. दोन्हींचं उत्तर सारखं नसेल तर कुठेतरी मजकूर घुसलाय. डी रकान्यालाही तेच करा.

दहा-वीस हजार ओळी असत्या तर हे सूत्र जड झालं असतं, कारण प्रत्येक ओळ पहिल्यापासून बेरीज करते. बचत गटाच्या शीटला त्याची काळजी नको.

गटाची_सचिव
काउंटमध्ये एकाचा फरक निघाला. खर्चाच्या रकान्यात मोकळ्या जागी रेघ मारलेली होती, ती काढली. आणखी एक विचारते: प्रत्येकीची आजवरची बचत तिच्या ओळीसमोर दिसेल का? ‘माझे किती झाले’ हे दर बैठकीला विचारलं जातं.

शीटवाला_नाशिक
दिसेल. पण जमेत कर्जफेड, व्याज, दंडही येतात ना? म्हणून एफ रकान्यात प्रकार लिहा आणि जी२ पासून खाली:
=समइफ्स(सी$१:सी२,बी$१:बी२,बी२,एफ$१:एफ२,"बचत")
म्हणजे त्या ओळीपर्यंत त्याच नावावर जमा झालेली फक्त बचत.

नाव मात्र दर वेळी हुबेहूब तेच हवं. ‘सुनीता’ आणि ‘सुनिता’ शीटला दोन वेगळ्या बायका वाटतात, नावामागे राहिलेली मोकळी जागाही नडते. नावं आणि प्रकार दोन्ही ड्रॉपडाउनमधून, म्हणजे घरात उघडणाऱ्या तयार यादीतून, निवडायची सोय करा, टाइप करूच नका. एकाच नावाच्या दोघी असतील तर नावापुढे सभासद क्रमांक जोडा.