मदत हवी आहे: आयकिदो या जपानी युद्धकलेच्या बहुतेक शैलींत स्पर्धाच नाही, मग तंत्र पारखायचं कसं?

आयकिदोचे संस्थापक मोरिहेई उएशिबांची भूमिका ठाऊक आहे: जिंकायचं ते स्वतःला, समोरच्याला नव्हे. १९२० मध्ये ते जपानमधल्या आयाबेला ओमोतो या धार्मिक पंथाच्या लोकांत राहायला गेले, त्या सहवासाचा या विचारावर मोठा ठसा आहे. मला तो पटतोही. अडचण आहे ती सरावात.

इरिमीनागे (पुढे शिरून टाकायची फेक) करताना माझा हात हनुवटीपर्यंत पोचायच्या आतच जोडीदार पडून मोकळा होतो. (सौजन्य म्हणायचं की घाई, देव जाणे!) ‘जरा विरोध कर’ म्हटलं, की दोघंही हट्टाला पेटतो आणि खांद्याच्या जोरावर ओढाताण सुरू. वेग कमी करून पाहिला. इक्क्योत (हात धरून खाली दाबायच्या तंत्रात) फरक पडला, फेकींत नाही. सेन्सेई (शिक्षक) म्हणतात, ‘करत राहा.’

उएशिबांचे शिष्य केंजी तोमिकींच्या शैलीत नकली सुरा घेऊन स्पर्धा होतात, पण तो वर्ग इथे नाही आणि मला स्पर्धा नकोच आहे. ‘ज्युदो लाव’ हा सल्लाही नको.

जुन्या जाणत्यांना विचारतो: जोडीदाराने विरोध नेमका कधी करावा, पकडताना, तोल जाताना की अगदी शेवटी? आणि सरावाची झुंज होतेय हे तुम्ही कशावरून ओळखता?