बँकॉकहून अयुथ्या : थर्ड क्लासची ट्रेन सोडून बाकी सगळं म्हणजे पैशाची उधळपट्टी

रिकामटेकडा :
घरातली अर्धी वरात नोव्हेंबरमध्ये थायलंडला निघालीये आणि फॅमिली ग्रुपवर एकच भांडण पेटलंय, बँकॉकहून अयुथ्याला, म्हणजे थायलंडच्या जुन्या राजधानीला, जायचं कसं. एजंट 'बसने जा, क्रूझने या, वर बुफे' असं पॅकेज गळ्यात मारतोय, मेहुण्याला दिवसभराची गाडी हवीये आणि मी एकटा म्हणतोय की ट्रेन. घरात माझं कोणी ऐकत नाही म्हणून इथे टाकतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. जेमतेम ८० किलोमीटरचा प्रवास, हुआ लाम्फोंग या बँकॉकच्या जुन्या स्टेशनवरून ऑर्डिनरी गाडीचं थर्ड क्लासचं तिकीट १५-२० बाट, म्हणजे आपल्याकडच्या एका कटिंग-वडापावाचे पैसे, आणि दीड-दोन तासात पोचवते. रिझर्व्हेशनची भानगड नाही, एसी नाही, खिडक्या सताड उघड्या, मध्येच बायका टोपल्या घेऊन चढतात आणि चिकट भात, भाजलेलं चिकन, बर्फातलं पाणी विकत पुढच्या डब्यात जातात. अयुथ्याला उतरलं की स्टेशनसमोरची गल्ली सरळ नदीवर, तिथून छोटी होडी चिल्लरीत पा साक नदी ओलांडून बेटावर, म्हणजे नद्यांनी वेढलेल्या जुन्या शहरात, सोडते, भाड्याची सायकल घेतली की झालं. आणि सयामची, म्हणजे तेव्हाच्या थायलंडची, पहिली सरकारी रेल्वे १८९६ ला सुरू झाली ती याच मार्गावर, बँकॉक ते अयुथ्या. एवढा इतिहास १५ बाटात मिळत असताना ज्याला अजून दुसरं काही सुचतं त्याने कारण सांगावं.

हिशेबी :
कारण सांगतो. वेळ. तू तिकीट मोजतोयस, तास मोजत नाहीयेस. हॉटेलपासून हुआ लाम्फोंग, तिथे गाडीची वाट बघ, मग ती प्रत्येक स्टेशनाला थांबत जाणार, मग होडी, मग सायकल, अकरा वाजले आणि ऊन डोक्यावर. त्यापेक्षा मो चित बस टर्मिनलवरून व्हॅन धर, तिकीट शंभर बाटच्या आतच, भरली की सुटते, तास-सव्वा तासात बेटावर बाजाराजवळ उतरवते, होडीबिडी काही नाही. तिथून वाट महाथात (वाट म्हणजे देऊळ), ते झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं डोकं, चालत जाण्याइतकं जवळ. इतिहास बघायला जातोयस का रेल्वेचा डबा बघायला?

सूनबाई ठाणेकर :
दोघंही एकट्यादुकट्याचा हिशोब करताय. वरातीत सत्तरीचे सासू-सासरे असतील तर? माझ्याबरोबर होते. थर्ड क्लासच्या पायऱ्या उंच, होडीत चढताना धक्का आणि होडी यात हे एवढं अंतर, वर बोट हलतेय, सासूबाईंनी माझा दंड असा धरला की संध्याकाळपर्यंत वळ होते. आणि बेटावर पोचलात म्हणजे पोचलात असं नाहीये, देवळं एकमेकांपासून लांब आहेत. वाट याय चाय मोंगखोन बेटाच्या बाहेर पूर्वेला, चायवत्थनाराम पार दुसऱ्या टोकाला नदीपलीकडे. त्यांना सायकलवर बसवणार का तुम्ही? टुकटुकवाला तासाला २००-३०० बाट मागतो, पाच तास फिरवलं की ट्रेनमध्ये वाचवलेले सगळे गेले. गाडी करा, अडीच-तीन हजारात दिवसभर दाराशी उभी असते, पाच जणांत वाटले तर माणशी काही फार नाही. एसीत बसून पाणी प्यायचं, पुढच्या देवळाला उतरायचं.

रिकामटेकडा :
@सूनबाई, ज्येष्ठांचं मान्य, पण म्हणून सगळ्या वरातीने गाडीत कोंबून घ्यायचं का? आमच्यात कॉलेजची पोरं पण आहेत. आणि @हिशेबी, व्हॅनमध्ये मागच्या सीटवर बसलायस का कधी? गुडघे कानाला लागतात, बॅग मांडीवर, खिडकी उघडत नाही, ड्रायव्हर असा हाणतो की फुटपाथवरचं सुद्धा दिसत नाही. २०१७ च्या सुरुवातीला चोनबुरीकडे व्हॅनचा भयंकर अपघात झाला, २५ माणसं गेली, त्यानंतर व्हॅनच्या सीट कमी करायला लावल्या. तुझे वाचलेले चाळीस मिनिटं तुलाच लखलाभ.

नदीकाठचा :
सगळेजण रस्ता आणि रूळ यावरच भांडतायत, पण ते शहर उभं कशावर होतं? पाण्यावर. १३५० साली राजा उथोंगने ते वसवलंच तीन नद्यांच्या बेचक्यात, चाओ फ्राया, लोपबुरी आणि पा साक. पोर्तुगीज, डच, जपानी, इराणी व्यापारी, सगळे समुद्रातून नदीने वर आले, बेटाच्या दक्षिणेला काठाकाठाने त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या वस्त्या होत्या. १७६७ ला ब्रह्मी सैन्याने जाळून टाकेपर्यंत तिथे जायचं म्हणजे होडीनेच. मग तुम्ही पाठीमागच्या दाराने शिरून म्हणणार आम्ही अयुथ्या बघितलं. एजंटचं पॅकेज महाग असेल, पण नदीतून येण्यात जी मजा आहे ती ना पंख्याच्या डब्यात ना व्हॅनमध्ये.

बँकॉकवासी मराठी :
इथेच राहतो म्हणून नदीवाल्यांना आधी जमिनीवर आणतो. क्रूझचं पॅकेज बहुतेक असं असतं की सकाळी सातला बसमध्ये कोंबतात, वाटेत बांग पा-इनचा राजवाडा, अयुथ्यात दोन-तीन देवळं घाईघाईत, आणि दुपारी बोटीत बसवून बुफे वाढतात. बोट नोंथाबुरीच्या आसपास किंवा बँकॉकच्या धक्क्याला लावतात. म्हणजे तुमचे ते पोर्तुगीज व्यापारी नदीने वर आले आणि तुम्ही खाली उतरताय, आणि ते सुद्धा पोट भरल्यावर झोप येत असताना. अयुथ्याच्या बेटाला नदीतून वळसा घालायचा असेल तर तिथे पोचून संध्याकाळी लांबशेपट्या बोटीचा तास-दीड तासाचा फेरा घ्या, चायवत्थनारामचे ते मनोरे पाण्यातून बघा. त्याला बँकॉकहून क्रूझ लागत नाही.

आता ट्रेनवाल्यांसाठी. जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या गाड्या, म्हणजे रॅपिड, एक्सप्रेस वगैरे, हुआ लाम्फोंगहून सुटत नाहीत, क्रुंग थेप अफिवात नावाच्या नव्या टर्मिनसवरून सुटतात, बांग सू मेट्रोला लागून. हुआ लाम्फोंगला उरल्यात ऑर्डिनरी आणि कम्यूटर. लोक जुने ब्लॉग वाचून चुकीच्या स्टेशनवर जातात, आणि नव्याच्या इमारतीत शिरल्यावर गेट सापडेपर्यंत घाम फुटतो, विमानतळासारखी अवाढव्य आहे. एक्सप्रेसच्या एसी डब्यात बसलात तर १५-२० बाट विसरा, काहीशे होतात, त्यात जागा घेतली तर मग ट्रेन स्वस्त म्हणून सांगू नका कोणाला. डॉन म्युआंगला उतरणाऱ्यांनी तर शहरात येऊच नये, एअरपोर्टच्या समोरच स्टेशन आहे, तिथूनच उत्तरेची गाडी धरावी.

व्हॅनवाल्यांसाठी, बीटीएस म्हणजे स्कायट्रेनच्या मो चित स्टेशनला उतरून 'व्हॅन कुठेय' असं विचारत फिरणारे भारतीय मी रोज बघतो. बस टर्मिनल तिथून चांगलं दोन-तीन किलोमीटर आहे. टॅक्सी करा किंवा मोटरसायकलवाला पकडा, हा वेळ हिशेबात धरा.

हिशेबी :
@बँकॉकवासी, बघ, तू पण मान्य केलंस की व्हॅन चालते.

बँकॉकवासी मराठी :
चालते म्हणालो, आवडते म्हणालो नाही. जायला ट्रेन, यायला व्हॅन, मी तसं करतो. कारण परतीच्या गाड्या चियांग माय, नोंग खाय, उबोन अशा लांबून येतात आणि संध्याकाळी हमखास लेट असतात, उकाड्यात फलाटावर बसून राहायचं. व्हॅन मात्र संध्याकाळी लवकर बंद होतात, सूर्यास्त बघत बसलात तर उरते ती लेट ट्रेन नाहीतर टॅक्सी, आणि टॅक्सीवाला म्हणेल तो भाव.

स्पष्टवक्ती :
मला या धाग्यातल्या सगळ्यात मूळ गोष्टीचीच चीड येते. पुण्याहून मुंबईला जायला वातानुकूलित बस हवी, जनरल डब्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, आणि परदेशात गेलं की थर्ड क्लास एकदम 'खरा देश'. खिडकीत हात काढून फोटो, आजीबाईंच्या टोपलीचा क्लोजअप, खाली कॅप्शन की खऱ्या माणसांबरोबर प्रवास. त्या बाईला विचारलंय का कोणी फोटो काढू का? परवडतंय तर सरळ गाडी करा, आणि नसेल परवडत तर ट्रेनने जा, पण त्याचं तत्त्वज्ञान करू नका.

रिकामटेकडा :
@स्पष्टवक्ती, फोटोचं बोलणं जिव्हारी लागलं नाही कारण मी काढलेच नाहीत. पण ट्रेन म्हणजे गरिबी दाखवायची जत्रा आहे असं नाहीये. त्याच डब्यात युनिफॉर्ममधली पोरं असतात, भिक्षू असतात, त्यांच्यासाठी राखीव जागा असते. सकाळी आठला हुआ लाम्फोंगच्या त्या कमानीखाली राष्ट्रगीत लागतं आणि धावत असलेला माणूस बॅग हातात घेऊन जागच्या जागी उभा राहतो, संपलं की पुन्हा पळत सुटतो. हे मला १९१६ च्या त्या स्टेशनातच दिसलं, एसी गाडीच्या काचेतून नाही दिसत. याला तू तत्त्वज्ञान म्हण.

सूनबाई ठाणेकर :
राष्ट्रगीताच्या वेळी सासूबाई उभ्या राहिल्या असत्या, पण होडीत चढल्या नसत्या, मुद्दा तो आहे. बरं एक विचारते, बुलेट ट्रेन होतेय ना तिकडे? ऐकलं होतं.

बँकॉकवासी मराठी :
होतेय. बँकॉक ते नाखोन राचासिमा, काम २०१७ पासून चालू, आणि मध्ये अयुथ्या स्टेशनवरूनच गाडं अडलं. बेटाचा भाग १९९१ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, त्याला बाधा येईल म्हणून उंच स्टेशनला वारसावाल्यांचा विरोध झाला. ती वाट बघत बसू नका.

नदीकाठचा :
बघा, म्हणजे रूळवाल्यांनाच त्या शहराचं काही सोयरसुतक नाही.

हिशेबी :
@रिकामटेकडा, असं कर, मेहुण्याला सासू-सासरे घेऊन गाडीने जाऊ दे, पोरांना घेऊन तू ट्रेनने जा, मी कुणाला तरी व्हॅनमध्ये बसवतो. वाट महाथातच्या गेटवर कोण आधी पोचतं ते इथे टाकायचं. माझे पैसे व्हॅनवर.

रिकामटेकडा :
मंजूर. पण होडीची रांग लागली तर तो वेळ धरायचा नाही.